शाळेविरुद्ध तक्रार करायची आहे, सुरुवात कुठून करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाचवीत आहे. शाळा खासगी, विनाअनुदानित, सीबीएसईची, पिंपरी-चिंचवडमध्ये. नाव देत नाही, कारण मुलीने तिथेच शिकावं अशी माझी अजूनही इच्छा आहे.

एप्रिलमध्ये फी एकदम वाढली. शिवाय 'ॲक्टिव्हिटी' आणि 'डिजिटल' अशा दोन नव्या रकमा पावतीवर आल्या. आम्ही काही पालकांनी गेल्या वर्षीइतकी फी भरली आणि वाढीचा हिशोब मागितला. उत्तर आलं नाही. मग सहामाहीचा निकाल रोखला. आणि मागच्या आठवड्यात ज्यांची फी बाकी आहे अशा मुलांची नावं वर्गात वाचून त्यांना दिवसभर लायब्ररीत बसवलं. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, आपल्याकडे पैसे नाहीत का?" त्या प्रश्नाने माझी झोप उडाली आहे.

मुख्याध्यापिका म्हणतात, मॅनेजमेंटचा निर्णय आहे. मॅनेजमेंट भेटत नाही. पालकांच्या ग्रुपवर सगळे चिडलेले, पण सही करायची म्हटलं की कुणी पुढे येत नाही.

आता जायचं कुठे? सीबीएसईकडे, महापालिकेत, जिल्हा परिषदेत, बालहक्क आयोगाकडे की पोलिसांत? आणि तक्रार केल्यावर मुलीला त्रास झाला तर? हा दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय.

आवकजावक

ताई, मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालोय. असे अर्ज टेबलावर कसे येतात आणि कुठे अडकतात ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पोस्टमध्ये एक नाही, तीन तक्रारी आहेत. फी वाढली ही एक. निकाल अडवला ही दुसरी. मुलांना नावं वाचून वर्गाबाहेर बसवलं ही तिसरी. या तिन्ही एका अर्जात घातल्या की कार्यालयात त्यावर 'फी वाद' असा शेरा पडतो, अर्ज फीच्या फायलीला लागतो आणि मुलीचा अपमान त्या फायलीत कुठेतरी तळाला जातो. त्यामुळे अर्ज वेगळे करा. एका अर्जात एकच विषय.

तुमची सगळ्यात मजबूत तक्रार तिसरी आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १७: कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येत नाही, आणि देणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. इथे बोर्ड कोणतंही असो, फरक पडत नाही. फी भरली नाही हा पालक आणि संस्था यांच्यातला पैशाचा विषय. त्यात मुलाला उभं करता येत नाही.

याच कायद्याचं कलम ३२ वाचून ठेवा. बालकाच्या हक्काबद्दल लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते. प्राधिकरणाने दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जात 'कलम ३२ अन्वये तक्रार' हे शब्द विषयातच लिहा. नुसतं 'विनंती अर्ज' लिहिलंत तर तो साधा अर्ज म्हणून बाजूला पडू शकतो.

तुमच्याकडे पाचवी म्हणजे प्राथमिक. अर्ज महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या नावे करा, प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना द्या. दोन्ही ठिकाणी पोच घ्या. असं केलं की 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत.

गोदाकाठ

फीबद्दल मी लिहितो. आमच्या शाळेत पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर होतो.

कायदा आहे महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११. प्रत्यक्षात लागू झाला २०१४ च्या अखेरीस. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ तयार व्हायला हवा. त्यातून कार्यकारी समिती निवडतात ती सोडत काढून. मुख्याध्यापकांनी मर्जीतले चार पालक बोलावून नव्हे. व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा, समितीने मान्यता द्यायची, आणि मान्य झालेली फी सूचना फलकावर लावायची. एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही.

म्हणून रानजाई, पहिलं पत्र हिशोबाचं देऊच नका. हिशोबावर शाळा पगारवाढ, वीजबिल, काहीही दाखवेल. पत्रात तीन गोष्टी मागा: समितीच्या सदस्यांची यादी, फी मान्य केली त्या बैठकीचं इतिवृत्त, आणि मान्य फीचा तपशील. बहुतेक शाळांचं घोडं इथेच अडतं, कारण बैठक झालेलीच नसते किंवा कोऱ्या कागदावर सह्या घेतलेल्या असतात. 'ॲक्टिव्हिटी' आणि 'डिजिटल' या रकमा त्या इतिवृत्तात आहेत का, एवढंच आधी बघा.

आता अडचणीची बाजू. २०१८ च्या दुरुस्तीनंतर पालकांना विभागीय शुल्क नियामक समितीकडे जायचं असेल तर शाळेतल्या किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावं लागतं. हजार मुलांची शाळा असेल तर अडीचशे पालक. मला ही अट अन्यायाची वाटते. ज्यांची मुलं त्याच शाळेच्या ताब्यात आहेत, त्यांच्याकडून इतक्या सह्या मागणं म्हणजे दार दाखवून कुलूप लावणं. पण शिक्षणाधिकाऱ्यांकडे 'समिती कायद्याप्रमाणे स्थापन झाली नाही' अशी तक्रार एकट्या पालकालाही करता येते. म्हणून सुरुवात तिथून करा, सह्या गोळा होत राहतील.

लोकल_आठपाच

मुंबईत रचना थोडी वेगळी आहे, कुणी वाचत असेल तर. इथे प्राथमिकसाठी महापालिकेचे शिक्षणाधिकारी आणि माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन. त्यांच्या वर विभागीय शिक्षण उपसंचालक. बाकी जिल्ह्यांत खालून वर असं: केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, उपसंचालक आणि सगळ्यात वर पुण्याचे शिक्षण आयुक्त.

एकदम आयुक्तांना किंवा मंत्र्यांना पत्र लिहू नका. ते फिरून खालच्याच टेबलावर येतं आणि मधले दोन महिने जातात.

खडूफळा

मी मुख्याध्यापिका होते, अनुदानित मराठी शाळेत. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून बोलते.

रानजाई, ज्या वर्गशिक्षिकेने नावं वाचली तिने ती स्वतःच्या मनाने वाचली नसणार. यादी वरून आलेली असते आणि 'आजच वाचा' असा निरोप असतो. विनाअनुदानित शाळेत त्या बाईंची नोकरी किती पक्की असते ते तुम्हालाही ठाऊक आहे. तक्रारीत शिक्षिकेचं नाव आलं की संस्था तिला पुढे करते आणि आदेश देणारा नामानिराळा राहतो. म्हणून 'अमुक बाईंनी अपमान केला' असं लिहू नका. 'अमुक तारखेला फी बाकी असलेल्या विद्यार्थ्यांची नावं वर्गात वाचून त्यांना लायब्ररीत बसवण्यात आलं, हा आदेश कोणी व कोणत्या तारखेला दिला याची चौकशी व्हावी' असं लिहा. यातून खरा माणूस सापडतो.

मुलीला त्रास होईल का? होऊ शकतो, खोटं कशाला सांगू. पण माझा अनुभव असा की तोंडी भांडणाऱ्या पालकाच्या मुलाला जास्त त्रास होतो, लेखी देणाऱ्याच्या मुलाला कमी. कारण लेखी तक्रार आली की त्या मुलाशी वागताना प्रत्येक जण जपतो, उद्या चौकशीत विचारतील याची जाणीव असते. अर्जाच्या शेवटी एक वाक्य जरूर घाला: 'या तक्रारीमुळे माझ्या पाल्यास कोणताही भेदभाव अथवा त्रास होणार नाही याची दक्षता घेण्याचे निर्देश शाळेस द्यावेत.' आणि काढून टाकण्याची धमकी आली तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही.

आणखी एक. मुलीला आधी सांगा की पैसे नाहीत असं नाही, आईबाबांनी शाळेला एक प्रश्न विचारलाय आणि उत्तराची वाट बघतायत. दहा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. तिला शाळेत ताठ मानेने जाता आलं पाहिजे.

पण ताई, अर्जाआधी एकदा रीतसर वेळ मागून भेट घ्या. कित्येक गोष्टी भेटीत सुटतात.

लोकल_आठपाच

खडूफळा ताई, आदर ठेवून सांगतो, भेटी म्हणजे वेळकाढूपणा हे मी फार पाहिलंय. 'बघतो', 'ट्रस्टींच्या कानावर घालतो' म्हणत वर्ष संपतं.

आवकजावक

दोघांचं बरोबर आहे आणि दोन्ही एकत्र करता येतं. भेट घ्या आणि त्याच दिवशी संध्याकाळी ईमेल करा: 'आज सकाळी आपल्याशी झालेल्या चर्चेत आपण असं सांगितलंत की... निकाल अमुक तारखेपर्यंत देण्यात येईल.' त्याला उत्तर आलं नाही तरी चालतं. सुनावणीत ती ईमेल पुढे ठेवता येते.

शाळा पत्राची पोच देत नसेल तर वाद घालत बसू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा, पोस्टाच्या संकेतस्थळावर पत्र पोहोचल्याची नोंद येते तिची छापील प्रत काढून ठेवा.

सरकारी कार्यालयात अर्ज द्याल तेव्हा दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेबांना भेटून आलो, ते बघतो म्हणाले' याची कुठेही नोंद नसते. पंधरवड्याने जा आणि तो आवक क्रमांक दाखवून एवढंच विचारा, 'हा अर्ज कोणत्या टेबलावर आहे आणि शाळेला खुलासा मागवलाय का?' असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची फाईल पुढे सरकते, हे मी आतून सांगतोय.

निनावी अर्ज करू नका, त्यावर सहसा काही होत नाही. 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार टाकता येते, तिथे २१ दिवसांत निवारणाचं बंधन आहे. पण पोर्टलवर मोघम उत्तर टाकून तक्रार बंद करतात, तेव्हा ते कागदी अर्जाच्या जोडीला ठेवा, अर्जाच्या जागी नको. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तोही लक्षात ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सीबीएसईलाही लिहू का? आणि माहिती अधिकार खासगी शाळेला लागू होतो का?

आवकजावक

सीबीएसईला लिहिता येतं, त्यांचं विभागीय कार्यालय पुण्यात आहे. शिक्षकांची पात्रता, संलग्नतेच्या अटी, इमारत असे विषय त्यांचे. फी राज्याच्या कायद्याखाली येते, त्यामुळे फीबद्दल लिहिलंत तर ते राज्याकडे बोट दाखवतील. बाकी तक्रारीवर बहुधा शाळेचाच खुलासा मागवतात. तरी प्रत द्यायला हरकत नाही.

माहिती अधिकार विनाअनुदानित शाळेला थेट लावायला गेलात तर वादात पडाल. त्याऐवजी शिक्षण विभागाकडे अर्ज करा, कारण शाळेने खात्याला दिलेली कागदपत्रं खात्याकडे असतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मागा: शाळेच्या कार्यकारी समितीची खात्याकडे आलेली यादी, मान्य फीचा तपशील आणि राज्याच्या ना हरकत प्रमाणपत्राची प्रत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. 'अशी यादी कार्यालयास प्राप्त नाही' असं उत्तर आलं तर तोच तुमचा पुरावा.

माणदेशी

इथं सगळी चर्चा फीची चाललीय, आमच्याकडं शाळा फुकट हाय, पण शिक्षकच नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा, चौथीपर्यंत, दोन शिक्षक कागदावर. त्यातले एक गुरुजी कितीतरी दिवस कार्यालयाच्या कामाला. तोंडी आदेश म्हणे. एकच बाई चार वर्ग सांभाळतात आणि वर पोषण आहाराचा हिशोब.

आम्ही शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव केला. लोकांना ही समिती म्हणजे १५ ऑगस्टला नारळ फोडायला वाटते, पण शिक्षण हक्क कायद्यात तिला जागा आहे. कलम २१, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. ठरावात कलम २७ लिहिलं: जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. ठरावाची प्रत केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना दिली, आणि तोच विषय ग्रामसभेत घेतला. 'ज्या आदेशाने शिक्षक नेलेत त्या आदेशाची प्रत द्या' एवढंच मागितलं. प्रत काय मिळाली नाही, गुरुजी मात्र परत आले.

खेड्यातल्या पालकांना माझं सांगणं, एकट्यानं अर्ज करू नका. समितीचा ठराव करा. गुरुजींशी वैर नाही, आपली मागणी वरच्या कार्यालयाकडं आहे हे त्यांनाही सांगून ठेवा. आमच्या बाईंनीच ठराव नीट लिहून द्यायला मदत केली.

ठाणेकर_वकील

धागा वाचणाऱ्या प्रत्येक पालकासाठी एक वेगळी गोष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं. वर जो क्रम सांगितलाय, आधी शाळा, मग कार्यालय, तो एका प्रकारच्या तक्रारीला अजिबात लावू नका. मुलाशी कुणी लैंगिक गैरवर्तन केलं असेल तर शाळेत परवानगी मागायला, चर्चा करायला, 'आधी प्रिन्सिपलना सांगू' म्हणून थांबायला जागा नाही. थेट पोलीस ठाणं, किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२.

पोक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या प्रत्येकावर तो कळवण्याचं बंधन आहे, कलम १९. न कळवणं हाच गुन्हा, कलम २१, आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेची बदनामी होईल' म्हणून गप्प बसवणारा माणूस स्वतः गुन्हा करत असतो. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. एफआयआरची प्रत मोफत मिळते. मुलाला घरात पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. तो आपणहून जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि त्या दिवशीचे कपडे धुवू नका. मुलाचं किंवा शाळेचं नाव कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. शाळेत लैंगिक अत्याचार झालेल्या चिमुकल्या मुलींच्या पालकांना गुन्हा नोंदवायला ताटकळत बसावं लागलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय निघाला. शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी या गोष्टी त्यात आहेत. आपल्या शाळेत सखी सावित्री समिती आहे का, तक्रारपेटी उघडते कोण, हे विचारायला काही घडायची वाट बघू नका. पुढच्या पालकसभेत विचारा.

आणि आवकजावक यांच्या माहितीत एक भर. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे शिक्षण हक्क कायदा तिला लागू होत नाही. त्यामुळे कलम १७ किंवा ३२ लिहिण्याआधी शाळेचा दर्जा तपासा. पोक्सो मात्र सगळ्यांना लागू आहे.

बसथांबा

स्कूल बसबद्दल कुणी सांगेल का? आमच्या बसमध्ये मुलं कोंबतात, बाई मदतनीसही नाही.

लोकल_आठपाच

प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, राज्याचे स्कूल बसचे २०११ चे नियम आहेत. अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि समितीत पालक व आरटीओचे प्रतिनिधीही असतात. बसचा क्रमांक, वेळ आणि फोटो घेऊन मुख्याध्यापकांना लिहा, प्रत आरटीओला. बस कंत्राटदाराची आहे म्हणून शाळा अंग काढून घेते, ते मान्य करू नका.

रानजाई

अपडेट देते. तुम्ही सांगितलंत तसे अर्ज वेगळे केले. कलम १७ च्या अर्जावर आमच्या वर्गातल्या काही आयांनी सह्या केल्या. ग्रुपवर सगळ्यांना विचारण्याऐवजी मी एकेकीच्या घरी गेले, मग सह्या मिळाल्या. शिक्षिकेचं नाव लिहिलं नाही, आदेश कोणाचा एवढंच विचारलं. दोन्हीकडे आवक क्रमांक मिळाला.

शाळेतून फोन आला की निकाल घेऊन जा. मुलांना पुन्हा बाहेर बसवलेलं नाही. समितीची यादी आणि इतिवृत्त मात्र अजून दिलेलं नाही, फीचा प्रश्न तसाच आहे. आता मुख्याध्यापिका म्हणतायत की निकाल दिला, तर अर्ज मागे घ्या.

आवकजावक

मागे घेऊ नका. निकाल मिळाल्याचं कार्यालयाला एका ओळीत कळवा आणि लिहा की मानसिक त्रासाची तक्रार कायम आहे. अर्ज मागे घेतलात तर फाईल बंद होते आणि पुढच्या वर्षी तीच यादी पुन्हा वाचली जाईल. सुनावणीचं पत्र आलं तर सगळ्या जणी जा. शाळेने लेखी खुलासा दिला असेल तर त्याची प्रत मागा आणि उत्तर द्यायला वेळ मागा, तो तुमचा हक्क आहे.

सोनचाफा

माझा मुलगा नववीत आहे, वय पंधरा. हे सगळं त्याला लागू होतं का?

आवकजावक

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी, म्हणजे पहिली ते आठवी. नववी-दहावीला कलम १७ किंवा ३२ चा आधार घेता येत नाही. तुमचा अर्ज शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे जाईल, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांकडे. राज्य बालहक्क संरक्षण आयोग मात्र १८ वर्षांखालच्या सगळ्या मुलांसाठी आहे, तिथे थेट लिहिता येतं. फीचा कायदा नववी-दहावीलाही तसाच लागू आहे. काय झालंय ते सांगा, म्हणजे अर्जाचा विषय काय लिहायचा ते बघू.